स्वाध्याय आणि संगणक : महाविद्यालयीन ऑनलाईन गृहपाठाचे गुणदोष

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा क्षण असतो, तसाच तो पुढच्या पिढीची गरज ओळखण्याचाही क्षण असतो. पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थ्याला साहाय्य करावयाचे म्हणजे त्याची फी भरणे, क्रमिक पुस्तके पुरवणे, वह्या वाटणे आणि परगावच्या मुलांच्या निवासाची व्यवस्था करणे, असा सरळ अर्थ होता. आज त्याच विद्यार्थ्याचा गृहपाठ वहीत राहिलेला नाही. तो संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर गेला आहे. प्रश्न तेथेच येतात, उत्तरे तेथेच भरावयाची असतात, तपासणी यंत्र करते आणि गुणही यंत्रच नोंदवते. पूर्वी वडील संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावर मुलाची वही उघडून पाहू शकत होते. आज मुलगा रात्री अकरा वाजता मोबाईलवर असतो, तेव्हा तो अभ्यास करतो आहे की करमणूक, हे आईवडिलांना उमगत नाही. म्हणूनच ऑनलाईन गृहपाठाचे लाभ कोणते आणि हानी कोणती, याचा विचार अशा शुभप्रसंगी करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

विद्येच्या विषयात जैन परंपरेकडे स्वतःचे एक मोजमाप आहे. ते म्हणजे स्वाध्याय. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत स्वाध्यायाची गणना होते आणि त्याची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर परंपरेत आम्नायास परावर्तना आणि धर्मोपदेशास धर्मकथा म्हणतात. ग्रंथ वाचणे, शंका विचारणे, वाचलेल्याचे मनन करणे, पुनःपुन्हा उजळणी करणे आणि शेवटी दुसऱ्यास समजावून सांगणे, असा हा क्रमाक्रमाने चढत जाणारा जिना आहे. ही अंगे धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी सांगितली असली, तरी वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती तितकीच लागू पडतात. ऑनलाईन गृहपाठ या पाचांपैकी कोणती अंगे बळकट करतो आणि कोणती दुबळी करतो, एवढेच तपासले तर त्याचे गुणदोष आपोआप स्पष्ट होतील.

ही व्यवस्था कशी आली?

यंत्राकडून अभ्यास करून घेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्येच ‘प्लेटो’ नावाची संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू झाली होती. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात गृहपाठ इंटरनेटवरून देण्याची आणि तपासण्याची ‘वेबअसाईन’ ही व्यवस्था उभी राहिली. ऑस्ट्रेलियाचे मार्टिन डुगियामस यांनी २००२ मध्ये ‘मूडल’ प्रणाली विनामूल्य खुली केली आणि जगभरच्या साध्यासुध्या महाविद्यालयांनाही हे दार उघडले. २०१४ मध्ये ‘गुगल क्लासरूम’ आले.

महाराष्ट्रानेही या बाबतीत फार विलंब केला नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत नेला. संगणकासमोर बसून धडा ऐकणे, लगेच स्वाध्याय सोडवणे आणि गुण पडद्यावर पाहणे हा अनुभव मराठवाड्यातील असंख्य तरुणांनी सर्वप्रथम तेथेच घेतला. राष्ट्रीय पातळीवर सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला, तर ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. याचा अर्थ असा की, ऑनलाईन गृहपाठ हा आता हौसेचा विषय उरलेला नाही. पदवीच्या गुणपत्रिकेशी त्याचा थेट संबंध आला आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा जे पाऊल दहा वर्षांत पडले असते ते दहा आठवड्यांत टाकावे लागले. तयारी नसलेले प्राध्यापक आणि साधने नसलेले विद्यार्थी एकाच वेळी या पाण्यात ढकलले गेले. काहींना पोहता आले, काही गटांगळ्या खाऊ लागले. साथ ओसरली, वर्ग पुन्हा भरले. परंतु गृहपाठ मात्र बऱ्याच अंशी पडद्यावरच राहिला.

लाभाची बाजू

प्रथम लाभाचा विचार करू. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. तोपर्यंत येथील पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागत होते. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा घरांतील मुलेमुली कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर, सोयगाव येथून या शहरात शिकावयास आली आणि आजही येत आहेत. अशा विद्यार्थ्याच्या घरी त्याचा गृहपाठ तपासून देणारे कोणी नसते. खासगी शिकवणीची फी परवडत नाही. त्याचा सारा आधार वर्गातील प्राध्यापकांवर असतो.

आता प्राध्यापकांच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. वाणिज्य शाखेच्या एका वर्गात १२० विद्यार्थी आहेत असे धरले आणि प्रत्येक वहीस केवळ दहा मिनिटे दिली, तरी १,२०० मिनिटे, म्हणजे पूर्ण वीस तास लागतात. हे एका वर्गाच्या एका गृहपाठाचे झाले. प्राध्यापक कितीही कर्तव्यदक्ष असला तरी दर आठवड्यास हे घडणे शक्य नाही. परिणामी वही तपासून महिन्याने परत मिळते, तोवर चूक विद्यार्थ्याच्या हाडीमाशी खिळलेली असते. काही ठिकाणी तर केवळ सही होऊन वही परत येते.

यंत्र हे काम क्षणार्धात करते. उत्तर चुकले की त्याच वेळी चुकल्याचे कळते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. एकच प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यास वेगवेगळे आकडे घालून देता येतो. एकाला ५०,००० रुपयांची खरेदी, तर दुसऱ्याला ६४,००० रुपयांची. त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवून भागत नाही, रीत समजून घ्यावीच लागते. वर्गात हात वर करून ‘समजले नाही’ म्हणण्यास संकोचणारी मुलगी पडद्यासमोर तोच प्रश्न सात वेळा चुकू शकते; तिला हसणारे तेथे कोणी नसते. प्राध्यापकांनाही कोणता प्रश्न सर्वाधिक विद्यार्थ्यांचा चुकला, हे सकाळी वर्गावर जाण्यापूर्वीच पाहता येते.

उजळणीचे हे महत्त्व आधुनिक मानसशास्त्रानेही मान्य केले आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर स्वतःची परीक्षा घेतली. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. मात्र आठवड्यानंतर विचारले तेव्हा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. सूत्रे मुखोद्गत करून रोज म्हणून पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अनुभवाने ज्ञात होतीच. तात्पर्य, वाचना आणि आम्नाय या दोन अंगांना ऑनलाईन गृहपाठ निश्चितपणे बळ देतो. हा लाभ लहान नाही, आणि तो सर्वाधिक होतो तो ज्याच्यापाशी अन्य आधार नाही अशा विद्यार्थ्याला. हे प्रांजळपणे मान्य केल्याखेरीज दोषांची चर्चा करणे न्याय्य होणार नाही.

यंत्र काय पाहते?

आता दुसरी बाजू पाहू. यंत्र उत्तर पाहते, उत्तरापर्यंत जाणारी वाट बहुधा पाहत नाही. हा भेद व्यापारी समाजास एका उदाहरणावरून चटकन कळेल.

समजा, प्रश्न असा आहे : एका व्यापाऱ्याने महाराष्ट्रातीलच घाऊक विक्रेत्याकडून ५०,००० रुपयांचे कापड ५ टक्के व्यापारी सुटीवर उधार खरेदी केले. त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. विक्रेत्याच्या खात्यावर किती रक्कम जमा होईल? व्यापारी सूट २,५०० रुपये वजा जाता खरेदी ४७,५०० रुपयांची झाली. त्यावर केंद्राचा व राज्याचा कर प्रत्येकी १,१८७ रुपये ५० पैसे. एकूण देणे ४९,८७५ रुपये.

पहिल्या विद्यार्थ्याने ही सारी रीत अचूक केली, रोजकीर्दीतील नोंद बिनचूक मांडली. मात्र पडद्यावर आकडा भरताना घाईने ४९,७८५ असा भरला. यंत्राने शून्य गुण दिले. दुसऱ्या विद्यार्थ्याने खरेदी खाते ५०,००० रुपयांनी नावे टाकले, २,५०० रुपये मिळालेली सूट म्हणून वेगळे जमा दाखवले आणि कर मिळवून उत्तर काढले ४९,८७५. यंत्राने त्यास पूर्ण गुण दिले. वस्तुतः व्यापारी सूट हिशेबाच्या पुस्तकात नोंदवावयाचीच नसते, रोख सूट मात्र नोंदवावी लागते; हिशेबशास्त्राचा हा प्राथमिक नियम त्याला कळलेलाच नाही. त्याची तेरीजही जुळेल, कारण दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या आहेत. चूक लपून राहील आणि त्याच्यासोबत पदवीपर्यंत जाईल. वही तपासणाऱ्या शिक्षकाने पहिल्याच्या पाठीवर हात ठेवला असता आणि दुसऱ्याला जवळ बसवून घेतले असते.

चांगल्या प्रणालीत प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे विचारता येतो, संपूर्ण नोंद भरून घेता येते, हे खरे आहे. परंतु तसे प्रश्न रचण्यास विषयाचे ज्ञान, वेळ आणि चिकाटी लागते. तयार बहुपर्यायी प्रश्नांचा संच उचलून टाकणे सोपे असते. मग चार पर्यायांतून एक टिचकीने निवडणे हाच अभ्यास होऊन बसतो. ‘असे का?’ हा प्रश्न विचारण्यास जागा उरत नाही. पृच्छना संपते. आणि उत्तर बरोबर ठरताच पुढचा प्रश्न समोर येतो, त्यामुळे थांबून विचार करण्याची, म्हणजे अनुप्रेक्षेची सवयही सुटते.

न दिलेले घेणे

यापेक्षा गंभीर दोष नीतीचा आहे. गृहपाठाचे प्रश्न पडद्यावर आले की त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटात जातात आणि थोड्याच वेळात उत्तरे येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर गटाचीही गरज उरलेली नाही. प्रश्न एका खिडकीतून उचलावा आणि उत्तर दुसऱ्या खिडकीतून आणून ठेवावे, इतके ते सोपे झाले आहे.

या सवयीचा परिणाम काय होतो, याचा अभ्यास अन्यत्र झालेला आहे. अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठातील अर्नोल्ड ग्लास आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अकरा वर्षांच्या कालावधीतील २,४३३ विद्यार्थ्यांच्या गृहपाठाची आणि परीक्षेची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गृहपाठात अधिक आणि परीक्षेत कमी गुण मिळवणारे विद्यार्थी २००८ मध्ये १४ टक्के होते. २०१७ मध्ये ते प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले. स्वतः उत्तर शोधण्याऐवजी इंटरनेटवरून उतरवून घेतल्यामुळे असे घडले, असे त्यांचे मत आहे. हे सारे चॅटजीपीटी येण्यापूर्वीचे आहे. एमआयटी या विख्यात संस्थेतील डेव्हिड प्रिचर्ड व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भौतिकशास्त्राच्या ऑनलाईन गृहपाठाचा अभ्यास मांडला. प्रश्न वाचण्यासही पुरणार नाही इतक्या अल्प वेळात आलेल्या उत्तरांवरून त्यांनी नक्कल ओळखली आणि जास्त नक्कल करणारे विद्यार्थी परीक्षेत मागे पडतात, असे दाखवून दिले. जगातील अव्वल संस्थेतील बुद्धिमान मुलांची ही कथा असेल, तर इतरांविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

न दिलेले घेणे म्हणजे स्तेय, ही अचौर्य व्रतामागची धारणा येथे उपस्थित प्रत्येक श्रावकास परिचित आहे. दुसऱ्याचे उत्तर स्वतःच्या नावावर भरणे हे त्याच जातीचे कृत्य होय. त्यातही आपले शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगते. उतरवणारा एक, उतरवू देणारा दुसरा आणि ‘सगळेच करतात, गुण मिळाल्याशी कारण’ असे म्हणून मान डोलावणारा पालक तिसरा. दोष तिघांचाही आहे. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. मित्रास रीत समजावून सांगणे हे स्वाध्यायाचे पाचवे अंग आहे; ते पुण्याचे काम आहे. मित्रास तयार उत्तर देणे हे त्याचे विद्याधन हिरावून घेणे आहे. बाहेरून दोन्ही गोष्टी ‘मदत’ म्हणूनच दिसतात.

ज्याच्याजवळ साधन नाही

तिसरा दोष विषमतेचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. इंटरनेटची सुविधा ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांकडे होती. त्यानंतर मोबाईलचा प्रसार पुष्कळ झाला आहे, हे खरे. परंतु एका घरात एकच चांगला मोबाईल, तो वडिलांच्या खिशात, आणि भावंडे तीन, अशी स्थिती असलेली घरे आजही आहेत. पाच इंचांच्या पडद्यावर ताळेबंदाचे दोन्ही रकाने एका वेळी दिसत नाहीत, ही अडचण श्रीमंताघरच्या मुलास कळणार नाही.

गृहपाठाची मुदत रात्री बारा वाजता संपते असे समजा. दिवसभर महाविद्यालय, संध्याकाळी एसटीने गावी परत, घरकाम आटोपून ती मुलगी अभ्यासास बसते तोच वीज जाते अथवा नेटवर्क तुटते. उत्तर तिच्याजवळ तयार असते, पण दार बंद झालेले असते. यंत्रास तिची अडचण ऐकण्यास कान नाहीत. वहीच्या काळात दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीबाहेर उभे राहून दोन शब्द सांगता येत होते. या मुलीचे गुण कमी झाले ते अज्ञानामुळे नव्हे. परंतु गुणपत्रिकेवर तसे लिहिलेले नसते. त्या गुणांवर पुढची शिष्यवृत्ती अवलंबून असते आणि शिष्यवृत्तीवर तिचे शिक्षण. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास प्रश्नांची इंग्रजी भाषा हा आणखी एक उंबरठा असतो. ‘स्वयम्’वरील पुष्कळ व्याख्याने आणि साप्ताहिक प्रश्न इंग्रजीत आहेत.

चौथी गोष्ट खर्चाची. अमेरिकेत पुस्तक प्रकाशकांनीच गृहपाठाच्या प्रणाली उभारल्या आहेत आणि त्यात प्रवेश मिळवण्यासाठी विद्यार्थ्यास सांकेतिक क्रमांक विकत घ्यावा लागतो. हा क्रमांक एकालाच आणि ठराविक मुदतीपुरता चालतो. म्हणजे गृहपाठ सादर करण्यासाठीच पैसे मोजावयाचे. या पार्श्वभूमीवर आपल्याकडील पुस्तकपेढीची थोरवी जाणवते. एक पुस्तक वर्षअखेर परत येते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जाते. एका दानातून पाच विद्यार्थी शिकतात. विकत घेतलेला क्रमांक कोणाच्याही पेढीत जमा होत नाही. सुदैवाने ‘स्वयम्’वरील अभ्यास विनाशुल्क आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क आहे, ‘मूडल’ही विनामूल्य आहे. हा मार्ग आपल्या महाविद्यालयांनी सोडू नये.

छापखान्याचा धडा

एवढे दोष ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग हे सारे बंदच करावे. येथे समाजाने स्वतःचाच इतिहास आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मग्रंथ छापावेत की छापू नयेत, यावर दिगंबर समाजात तीव्र मतभेद झाले होते. छापखान्यात शास्त्राची आशातना होईल, ग्रंथ कोणाच्याही हाती पडेल, ही विरोधकांची चिंता होती आणि ती निव्वळ हटवादी नव्हती. तथापि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या दूरदृष्टीच्या व्यक्तींनी ‘जैन बोधक’सारख्या नियतकालिकांतून आणि ग्रंथप्रकाशनातून मुद्रणाचा मार्ग प्रशस्त केला. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके ताडपत्रांवर जपलेल्या धवला टीकेसह षट्खंडागमाचे संपादन केले. त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज छापील शास्त्राविना मंदिराची कल्पनाही करता येत नाही.

परंतु शास्त्र छापले गेले म्हणून शास्त्रसभा बंद पडली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. ग्रंथ घरोघरी गेला तरी पंडितांसमोर बसून ऐकणे, शंका विचारणे आणि चर्चा करणे सुरूच राहिले. छापखान्याने वाचना सुलभ केली. पृच्छना आणि अनुप्रेक्षा माणसांनी सांभाळली. ऑनलाईन गृहपाठाच्या बाबतीत नेमके हेच करावयाचे आहे. अनेकान्ताच्या भाषेत सांगावयाचे तर हे साधन कथंचित लाभदायक आहे आणि कथंचित हानिकारक. ते कोणत्या अपेक्षेने वापरले जाते यावर त्याचे फळ अवलंबून आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, ऑनलाईन गृहपाठाकडे सराव म्हणून पाहावे, निकाल म्हणून नव्हे. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची रचना या दृष्टीने अनुकरणीय आहे. तेथे साप्ताहिक गृहपाठास २५ टक्के आणि परीक्षाकेंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित राहून द्यावयाच्या परीक्षेस ७५ टक्के भार आहे. शिवाय बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ गृहपाठांचेच गुण धरले जातात. एखाद्या आठवड्यात वीज गेली, आजारपण आले, तरी विद्यार्थी बुडत नाही. गृहपाठावर थोडे गुण ठेवले की नक्कल करण्याचा मोहही कमी होतो.

दुसरी गोष्ट, जो प्रश्न सर्वाधिक विद्यार्थ्यांचा चुकला असेल त्यावर आठवड्यातून एक तास वर्गात चर्चा व्हावी आणि कोणत्याही पाच विद्यार्थ्यांना फळ्यावर बोलावून तो सोडवण्यास सांगावे. ज्याने स्वतः केले असेल तो न डगमगता करील. ज्याने उतरवले असेल त्यास पुढच्या वेळी स्वतः करण्याची बुद्धी होईल. तपासणीचे वीस तास यंत्राने वाचवले असतील, तर त्यातील दोन तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी देणे अवघड नाही. वाचलेला वेळ विद्यार्थ्यांना परत मिळाला, तरच हा व्यवहार नफ्याचा. तो वेळ अन्य कागदपत्रांत गेला, तर विद्यार्थ्याने वहीही गमावली आणि गुरूही गमावला.

तिसरी गोष्ट, मुदत मध्यरात्रीची न ठेवता महाविद्यालयाच्या वेळेतील ठेवावी, किमान आठवड्याचा अवधी द्यावा आणि साधन नसलेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या संगणक कक्षात अथवा कागदावर गृहपाठ देण्याची मुभा असावी.

चौथी गोष्ट समाजाच्या हातातील आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली आणि वेरूळच्या गुरुकुलापर्यंत ती परंपरा पोहोचली. विद्यार्थ्याने गुरूच्या सान्निध्यात राहून अध्ययन करावे, हे या संस्थांचे मर्म. आजच्या काळातील त्याचे रूप म्हणजे एक अभ्यासिका. दहा-बारा संगणक, अखंड वीज, चांगले इंटरनेट आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तेथे बसणारे एखादे निवृत्त प्राध्यापक, सनदी लेखापाल किंवा वरच्या वर्गातील हुशार विद्यार्थी. संगणक दानशूरांच्या देणगीतून येतील. परंतु ‘काका, हे असे का?’ असे विचारल्यावर चष्मा वर करून खुर्ची जवळ ओढणारा माणूस देणगीत मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी आपला वेळ दिला पाहिजे. समाजात हिशेब, कर, बँकव्यवहार यांचे जाणकार विपुल आहेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी ज्याने दिल्या, त्याचे दान कोणत्याही संगणकापेक्षा मोठे ठरेल. आणि या अभ्यासिकेचे दार जातिधर्माचा भेद न करता सर्व गरजू विद्यार्थ्यांसाठी उघडे असावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

उपस्थित विद्यार्थ्यांसाठी शेवटी एवढेच. पडद्यावरील हिरवी खूण शिक्षकांना, पालकांना आणि प्रसंगी परीक्षकांनाही फसवू शकेल. परंतु दुकानाच्या गादीवर, बँकेच्या खिडकीमागे किंवा लेखापरीक्षकासमोर बसण्याची वेळ येईल, तेव्हा उतरवलेले उत्तर उपयोगी पडणार नाही. तेथे समजलेलेच चालते. म्हणून प्रत्येक गृहपाठ संपल्यावर पडदा बंद करावा, एक कोरा कागद घ्यावा आणि आज काय समजले, काय समजले नाही, हे चार ओळींत स्वतःच्या हाताने लिहावे. जे समजले नाही ते दुसऱ्या दिवशी निःसंकोचपणे शिक्षकांना विचारावे, आणि जे समजले ते शेजारच्या मित्रास समजावून द्यावे. स्वाध्यायाची पाचही अंगे त्यात पूर्ण होतात.

ट्रस्टने पन्नास वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती वही आणि पुस्तक दिले. पुढील पन्नास वर्षांत त्यांच्या हाती संगणकही द्यावा आणि त्याच्या शेजारी एक माणूसही बसवावा, अशी प्रार्थना करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.

जय जिनेंद्र.